नगराचे सण आणि वाडीचा क्रूस

(सुवर्णमहोत्सवी सभेंत झालेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सव-समितीनें मला जो विषय नेमून दिला तो ‘मुंबई शहराचे वार्षिक सण व सार्वजनिक उत्सव’ असा आहे. विषय एवढा विस्तीर्ण आहे कीं त्याची नुसती यादी वाचावयाची म्हटली तरी जेवणाची वेळ टळून जाईल, आणि ज्या भगिनी पहांटेपासून चुलीपाशीं राबत आहेत त्या मला क्षमा करणार नाहींत. शिवाय ती यादी तुम्हांस ठाऊकच आहे. ज्या शहरांत एक पंधरवडाहि कोणत्या ना कोणत्या मिरवणुकीवांचून जात नाहीं, तेथल्या रहिवाशाला सण कोणते हें काय सांगावें? म्हणून मी आज एवढाच प्रश्न तुमच्यापुढें मांडणार आहें कीं हे सण आले कोठून आणि टिकले कशानें. ह्या प्रश्नाचा आपल्या धर्मग्रामांत सध्यां चालू असलेल्या एका वादाशीं निकटचा संबंध आहे. तो वाद तुम्हां सर्वांस माहीत आहे; त्याकडे मी शेवटीं येईन.

आरंभ वांद्र्यापासून करूं, कारण मुंबईचा ख्रिस्ती सण म्हटला कीं इतर धर्मांच्या लोकांच्याहि डोळ्यांपुढें प्रथम वांद्र्याची जत्राच उभी राहते. ८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिन. त्याच्या आधीं नऊ दिवस नोव्हेना चालते. आणि ८ तारीख रविवारीं आली तर त्याच दिवसापासून, नाहीं तर पुढल्या रविवारापासून, आठवडाभर जत्रा भरते. त्या आठ दिवसांत वांद्रें स्टेशनापासून डोंगरापर्यंत बेस्टला जादा बसगाड्या सोडाव्या लागतात. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंस मेणाच्या वस्तूंचीं दुकानें बसतात: मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचें मूल, मेणाचें घर. ज्याचें जें दुखतें किंवा ज्याला ज्याची उणीव आहे, तें तो विकत घेतो आणि माउलीपुढें ठेवितो. खालीं रस्त्यावर भाजलेले चणे, पेरूचा चीज, कडियो-बोडियो, खेळणीं आणि पाळणे. कोणी म्हणतात कीं ह्या बाजारानें भक्ति झांकून जाते. मला तसें वाटत नाहीं. ज्या बाईनें सकाळीं दोन तास रांगेंत उभें राहून माउलीपुढें मेणबत्ती लाविली, तिनें उतरतांना नातवासाठीं शिट्टी घेतली तर माउली रागावेल, असें मानावयास मला कांहीं आधार दिसत नाहीं.

ह्या सणाच्या मुळाशीं काय आहे तें पहा. पोर्तुगीज अमदानींत जेझुइट धर्मगुरूंनीं ह्या टेकडीवर मरियामातेचें लहानसें प्रार्थनामंदिर उभारलें. १७०० च्या सुमारास मस्कतच्या अरब चांच्यांनीं धाड घालून मूर्तीचा उजवा हात तोडिला, असें परंपरा सांगते. पुढें १७३८-३९ मध्यें मराठे व पोर्तुगीज ह्यांच्यामध्यें जें युद्ध झालें त्याच्या धामधुमींत तें मंदिरहि नाहींसें झालें, आणि १७६० च्या सुमारास पुन्हां बांधण्यांत आलें. मूर्तीविषयीं कोळी लोकांत एक कथा आहे. एका कोळ्याला स्वप्न पडलें कीं माउलीची मूर्ति समुद्रांत आहे, आणि शोध घेतां ती खरोखरच पाण्यांत सांपडली. कथेची ऐतिहासिक छाननी विद्वानांनीं खुशाल करावी. मला त्यांतली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: ही कथा ख्रिस्ती कोळ्यांच्या घरीं जशी सांगतात तशीच हिंदु कोळ्यांच्या घरींहि सांगतात, आणि ‘मोत माउली’ हें नांव दोघांच्याहि तोंडीं सारखेंच आहे.

आतां माहीमच्या बांधाकडे या. माहीम आणि वांद्रें ह्यांच्यामध्यें खाडी. पावसाळ्यांत होडींतून ती ओलांडणें म्हणजे जिवावरचें काम. सर जमशेटजी जीजीभाई ह्यांच्या पत्नी लेडी अवाबाई ह्यांनीं त्या बांधासाठीं दीड लाखांहून अधिक रुपये दिले, आणि १८४५ मध्यें तो वाहतुकीस खुला झाला. त्यांची अट एकच होती: येणाऱ्याजाणाऱ्याकडून जकात घ्यावयाची नाहीं. अवाबाईंनीं मोत माउलीला नवस केला होता व त्याची ही फेड, असेंहि लोक सांगतात. तें खरें असो वा नसो, पारशी बाईनें ख्रिस्ती माउलीला केलेला नवस मुंबईच्या लोकांना मुळींच असंभवनीय वाटला नाहीं, ह्यांतच सर्व आलें. सध्यांचें मंदिर १९०४ मध्यें पुरें झालें. त्याचा आराखडाहि शापूरजी चांदाभॉय ह्या स्थापत्यकाराचा. १९५४ मध्यें परमगुरुस्वामींनीं त्याला बॅसिलिकेचा मान दिला. म्हणजे मूर्ति शोधिल्याचें श्रेय कोळ्यांचें, वाट बांधिली पारशी बाईनें, आणि आज मेणबत्त्या विकून आपला संसार चालविणाऱ्यांत हिंदु बायाबापड्या किती आहेत तें तुम्हीच जाऊन मोजा. असा हा आपला सण आहे.

परंतु डोंगरापेक्षां खालच्या गल्ल्यांतल्या क्रूसांविषयीं मला आज अधिक बोलावयाचें आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत एक ज्वर सुरू झाला. काखेंत व जांघेंत गांठी येत आणि माणूस थोड्या दिवसांत दगावे. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग आहे, हें ओळखून उघडपणें सांगणारे डॉक्टर आपल्यांतलेच होते: गोव्यांतल्या हडफडें गांवीं १८५६ मध्यें जन्मलेले डॉ. अकासियु व्हिएगस. हेच पुढें १९०६ मध्यें मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. धोबीतलावाला मेट्रो सिनेमाच्या समोर त्यांचा पुतळा आहे. (त्या पुतळ्यापाशीं उभे राहून आपल्यापैकीं कित्येक जण बसची वाट पाहतात, आणि तो कोणाचा हें न विचारतां निघून जातात.) कांहीं महिन्यांतच शहराची जवळजवळ निम्मी वस्ती पळून गेली. रोग्याला घरांतून उचलून नेत, घरावर खूण करीत, सामान जाळीत. हाफकिन साहेबांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोंचून घेतली. पण ती घरोघर पोहोंचण्यास व लोकांची भीति मोडण्यास काळ लागला. तोंपर्यंत साध्या माणसाजवळ शहर सोडून जाणें किंवा देवाला हांक मारणें ह्यांवांचून तिसरा उपाय फारसा नव्हता. ज्यांना जाण्यासारखें दुसरें गांवच नव्हतें, त्यांनीं दुसरा उपाय धरिला.

वांद्र्याच्या गांवठाणांतून, माझगांव-गिरगांवच्या वाड्यांतून व पाखाड्यांतून त्या दिवसांत जे क्रूस उभे राहिले ते प्लेगचे क्रूस. कोठें रोग येऊं नये म्हणून, कोठें आला तो निवारला म्हणून. सगळेच क्रूस त्या वेळचे नव्हेत, कांहीं त्याहून पुष्कळ जुने आहेत. पण जुन्यांनाहि त्या संकटानें नवी वहिवाट लाविली. वाडींतल्या लोकांनीं शब्द दिला: आम्ही वांचलों तर दरवर्षीं येथें जमूं, जपमाळ म्हणूं, आणि आमच्या पश्चात् आमचीं मुलें म्हणतील. हा करार कोणत्याहि कागदावर लिहिलेला नाहीं. क्रूसाच्या चौथऱ्यावर फार तर एक सन असतो, क्वचित् दोन घराण्यांचीं नांवें असतात. ज्यांनीं शब्द दिला ते सर्व गेले. ज्यांच्या वतीनें दिला ते आपण.

क्रूसाचा सण बहुतेक ठिकाणीं मे महिन्यांत होतो. ३ मे हा पवित्र क्रूस सांपडल्याचा जुना सण. रोमनें १९६० मध्यें तो सर्वसाधारण पंचांगांतून काढिला आणि १४ सप्टेंबरचा तेवढा ठेविला. पण वाडीवाल्यांनीं मे महिना सोडिला नाहीं. त्याला धार्मिक कारण जितकें, तितकेंच व्यावहारिकहि आहे: मेमध्यें मुलांना सुटी असते, पाऊस आलेला नसतो, आणि बाहेरगांवचे नातलग घरीं असतात. आदल्या दिवशीं क्रूसाला चुना लावावयाचा, झेंडूच्या माळा व कागदी पताका बांधावयाच्या, संध्याकाळीं दिवेलागणीला जपमाळ, मग लादाइन, एखादें जुनें गीत, आणि शेवटीं उकडलेले चणे. लाडू नव्हेत, केक नव्हे, चणे! पुष्कळांना ह्याचें हसूं येतें. पण ज्या कोणी हा प्रघात घातला त्याची समज थोर होती. चणे कोणालाहि परवडतात. श्रीमंताच्या घरचे आणि गरिबाच्या घरचे चणे तोंडांत सारखेच लागतात, त्यामुळें यजमानपणाची पाळी कोणावरहि आली तरी त्याला मान खालीं घालावी लागत नाहीं. आणि कागदाच्या पुडींतला मूठभर चणा कोणालाहि देतां येतो: वाटेनें जाणाऱ्या टपालवाल्याला, समोरच्या वाण्याला, दाराशीं उभ्या असलेल्या शेजारच्या मुसलमान पोराला. घेणाऱ्याला आपण कोणाच्या धर्मकार्यांत शिरलों असें वाटत नाहीं, आणि देणाऱ्याला आपण कांहीं उपकार केला असेंहि वाटत नाहीं.

संकटांत शब्द द्यावयाचा आणि तो सणाच्या रूपानें पाळावयाचा, ही रीति आपल्यापुरतीच आहे असें मात्र समजूं नका. ह्या शहराचे मोठमोठे उत्सव तपासून पहा. गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळीनें १८९३ मध्यें सार्वजनिक गणपति बसविला, तें वर्ष मुंबईंत दंग्याचें होतें. लालबागची हकीकत तर आपल्या क्रूसांसारखीच आहे. पेरू चाळीचा उघडा बाजार १९३२ मध्यें बंद पडला आणि तेथें मासळी व इतर जिन्नस विकणारीं माणसें रस्त्यावर आलीं. बाजाराला हक्काची जागा मिळावी म्हणून त्यांनीं गणपतीला नवस केला. जागा मिळाली, आणि १९३४ पासून तेथें गणपति बसूं लागला. पहिली मूर्ति कोळ्याच्या वेषांत होती. आज त्या रांगेंत दिवसच्या दिवस उभे राहणाऱ्या लाखों लोकांपैकीं किती जणांना हें ठाऊक असेल कीं हा नवस पोटापाण्याच्या जागेसाठीं होता? आणि ज्यांच्याकडून ती जागा मिळाली त्यांत रजबअली तय्यबअली ह्यांचें नांव घेतलें जातें, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

माहीमला मखदूम अली माहिमी ह्या सूफी सत्पुरुषाचा दर्गा आहे. १३७२ मध्यें जन्मलेला हा विद्वान् १४३१ मध्यें निवर्तला. डिसेंबरांत दहा दिवस त्याचा उरूस भरतो, आणि पहिल्या दिवशीं मान असतो तो मुंबई पोलिसांचा. शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत, सर्व धर्मांचे, बँड वाजवीत चादर घेऊन जातात. त्याच माहीमांत आपल्या सेंट मायकेलच्या देवळांत ८ सप्टेंबर १९४८ पासून दर बुधवारीं नित्य साहाय्यकारी मातेची नोव्हेना चालू आहे. फाळणीच्या दुःखांतून शहर सावरत होतें तेव्हां ती सुरू झाली. आज बुधवारच्या रांगेंत कोण कोणत्या धर्माचा हें ओळखूं म्हटलें तरी ओळखतां येत नाहीं. आणि दादरच्या चौपाटीवर ६ डिसेंबरला जे लाखों लोक दूरदूरच्या खेड्यांतून येतात, ते १९५६ च्या एका शोकाचें स्मरण पाळतात. डॉ. आंबेडकरांच्या चैत्यभूमीपाशीं नाच नाहीं, गाणें नाहीं. माणसें येतात, रांगेनें दर्शन घेतात, जातांना पुस्तकें विकत घेतात. शिवाजी पार्काच्या परिसरांत जेवढीं पुस्तकें त्या दोन दिवसांत विकलीं जातात त्याचा हेवा कोणत्याहि विद्यापीठानें करावा.

अलीकडे शहरानें नव्या तऱ्हेचेहि उत्सव काढिले आहेत. १९९९ पासून फोर्टांत काळा घोडा कला महोत्सव भरतो, २००४ पासून मॅरेथॉन शर्यत होते. त्यांना मी नांवें ठेवीत नाहीं. रविवारच्या पहांटे मोटारीवांचून रिकामा झालेला रस्ता पाहावयास मिळणें हेंच मुंबईकराला एका सणाएवढें आहे. परंतु ह्या उत्सवांना पुरस्कर्ता लागतो, आणि मॅरेथॉनचें तर पुरस्कर्ता बदलला तसें नांवहि बदललें. वाडीच्या क्रूसाला पुरस्कर्ता नव्हता, म्हणून त्याचें नांवहि कोणाला बदलतां आलें नाहीं. मोठ्या समारंभांचेंहि असेंच आहे. १९६४ मध्यें मुंबईंत जागतिक युखारिस्तिक काँग्रेस भरली, २ डिसेंबरला पोप सहावे पॉल आले, ओव्हल मैदानावर जनसमुद्र लोटला. त्या आठवड्याची शिदोरी आपल्या कांहीं वडीलधाऱ्यांना साठ वर्षें पुरली आहे. पण तो आठवडा एकदांच आला. त्यानंतरच्या मे महिन्यांत त्याच वडीलधाऱ्यांनीं पुन्हां आपल्या गल्लींतला क्रूस धुतला आणि चणे भिजत घातले.

एक अपवाद मला मोकळेपणानें सांगितला पाहिजे, नाहीं तर माझें म्हणणें एकांगी होईल. आगेराचा सण संकटांतून निघालेला नाहीं; तो भरल्या खळ्याचा सण आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं नव्या भाताच्या लोंब्या देवळांत आणून आशीर्वादित करावयाच्या, मग वाजतगाजत घरीं न्यावयाच्या. कुर्ला, कालिना, मरोळ, गोराई इकडे तो अजून मोठ्या हौसेनें होतो. आतां बहुतेक ठिकाणीं शेतें उरलीं नाहींत, लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात, आणि ज्या शिवारांत आजोबांनीं आवणी केली तेथें सात मजली इमारत उभी आहे. सुखाच्या सणालाहि अखेर शहरानें थोडी दुःखाची किनार लाविलीच. तरी लोक लोंब्या आणतात, हें चांगलें करतात.

आतां वादाकडे येतों.

आपल्या धर्मग्रामाच्या हद्दींत जुन्या गांवठाणाचे चार क्रूस आहेत. पुढील वर्षापासून त्या चारहि क्रूसांच्या प्रार्थना बंद करून, त्यांऐवजीं मे महिन्यांतल्या एका रविवारीं देवळाच्या आवारांत एकच मोठा समारंभ करावा, व्यासपीठ उभारावें, जेवण ठेकेदाराकडून मागवावें, आणि खर्च जाहिरातीच्या फलकांतून भागवावा, अशी एक सूचना महोत्सव-समितीपुढें आली आहे. ती करणारे कोणी उथळ लोक नाहींत. गेलीं पंचवीस वर्षें ह्याच मंडळींनीं चारहि क्रूसांपाशीं खुर्च्या वाहून नेल्या आहेत, आणि त्यांच्या गुडघ्यांनीं आतां तक्रार केली तर त्यांत नवल नाहीं. त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. गल्लींत मोटारी उभ्या असतात, क्रूसापुढें दहा माणसांनाहि जागा होत नाहीं. जुन्या घरांतलीं कुटुंबें वसई-विरारकडे गेलीं, कांहीं कॅनडांत व आखातांत गेलीं. उंच इमारतींत जे नवे कॅथॉलिक राहावयास आले त्यांना खालीं क्रूस आहे हेंच माहीत नाहीं. गेल्या वर्षीं एका क्रूसापाशीं सहा बायका होत्या, आणि त्यांत सर्वांत तरुण एकसष्ट वर्षांची होती.

तरीहि माझा ह्या सूचनेला विरोध आहे, आणि तो मी ह्याच व्यासपीठावरून स्पष्टपणें नोंदवितों.

एक तर, क्रूसाचें रक्षण भिंतीनें होत नाहीं, वहिवाटीनें होतें. शहर वाढतें आहे, रस्ते रुंद होत आहेत. गेल्या कांहीं वर्षांत मुंबईंत पुष्कळ जुन्या क्रूसांना वाहतुकीच्या आड येणारें अनधिकृत बांधकाम म्हणून नोटिसा लागल्या. २०१७ मध्यें वांद्र्याच्या बाजार रोडवरचा एक जुना क्रूस पाडलाहि गेला. अशा वेळीं अधिकारी विचारतात: हा केव्हांचा, कोणाचा, येथें कोण येतें? त्याचें उत्तर जुन्या छायाचित्रांनीं, चौथऱ्यावरच्या सनानें, आणि शेजाऱ्यांच्या साक्षीनें द्यावयाचें असतें. दरवर्षीं जेथें वाडी जमते त्या क्रूसाला शंभर साक्षीदार असतात. जेथें कोणी जमत नाहीं तो दहा वर्षांत रस्त्यावरचा दगड होतो, आणि मग त्याच्यासाठीं मोर्चा काढून काय उपयोग? प्रार्थना आपण देवळाच्या आवारांत आणूं. ते चार क्रूस मात्र आपल्याबरोबर आवारांत येणार नाहींत.

आणि शेजारी. देवळाच्या आवाराला फाटक आहे. फाटकावर पहारेकरी आहे. शेजारची मराठी बाई, समोरचा गुजराथी दुकानदार, हीं माणसें गल्लींतल्या क्रूसापाशीं आपोआप येतात, कारण तीं तेथेंच राहतात. आवारांतल्या समारंभाला त्यांना निमंत्रणपत्रिका लागेल, आणि पत्रिका दिली तरी तीं संकोचानें येणार नाहींत. वांद्र्याची जत्रा अवाबाईंच्या बांधावरून चालत आली आहे. तो बांध जकातीवांचूनचा होता, ही गोष्ट मी मघाशीं उगाच सांगितली नाहीं.

२०२० चा मे महिना आठवा. देवळें बंद होतीं. त्या वर्षीं व पुढच्या वर्षीं वांद्र्याची जत्राहि भरली नाहीं. माणसें आपल्याच घरांत कोंडलेलीं, रुग्णवाहिकेचा आवाज आला कीं खिडक्या लागत. चुलीपाशीं राबणाऱ्या ज्या भगिनींचा मी आरंभीं उल्लेख केला त्यांपैकीं एकीनें त्या ३ मे रोजीं आपल्या खिडकींत उभें राहून समोरच्या क्रूसाकडे पाहत जपमाळ म्हटली. दुसऱ्या खिडकींतून कोणी उत्तर दिलें, मग तिसऱ्या. खालच्या मजल्यावरचा मुलगा, जो आपल्या धर्माचा नाहीं, त्यानें तोंडाला फडकें बांधून क्रूसापुढें एक मेणबत्ती लाविली, कारण त्याच्या आईनें त्याला सांगितलें कीं आज ह्यांचा दिवस आहे आणि ह्यांना खालीं उतरतां येत नाहीं. त्या संध्याकाळीं चणे झाले नाहींत. पण प्लेगच्या वर्षीं दिलेला शब्द नव्या साथींत पाळला गेला, आणि तो गल्लींत क्रूस होता म्हणून पाळला गेला. आवारांतल्या व्यासपीठाचा त्या दिवशीं कोणाला काय उपयोग झाला असता?

नुसता विरोध करून खालीं बसणें सोपें आहे, म्हणून माझी उलट सूचनाहि ऐकून घ्या. प्रत्येक क्रूसाला पांच घरें बांधून द्यावीं: तीन जुन्या वाडींतलीं, दोन नव्या इमारतींतलीं. ह्या पांच घरांनीं चुना, माळा आणि चणे पाहावे. व्यासपीठ नको, ध्वनिक्षेपक नको, खुर्च्या फक्त म्हाताऱ्यांपुरत्या. सर्व कार्य चाळीस मिनिटांत आटोपावें, म्हणजे मोटारवाल्यांनाहि त्या वेळापुरती गाडी हलविण्याची विनंती करतां येईल. चार क्रूस, मेमधले चार शनिवार. फादरांना सवड असेल तेथें ते येतील, नसेल तेथें वाडींतल्याच कोणीं जपमाळ चालवावी. आपल्या आज्यांनीं ती पाद्रींवांचून वर्षानुवर्षें चालविली आहे, आणि लादाइनहि तोंडपाठ म्हटली आहे. ज्यांना ती येत नाहीं त्यांच्यासाठीं गायनमंडळ लेंटच्या शुक्रवारीं सायंकाळीं शिकविण्यास तयार आहे, असें मला त्यांच्याकडून कळलें आहे. चौथऱ्यावरच्या सनांचीं आणि नांवांचीं छायाचित्रें तरुण मंडळीनें काढून ठेवावीं, आणि त्यांच्या प्रती धर्मग्रामाच्या दप्तरांत द्याव्या. ज्यांच्या घरीं क्रूसाचे जुने फोटो असतील त्यांनीं तेहि दाखवावे. मूळ प्रत परत मिळेल.

दाराजवळच्या मेजावर चार वह्या ठेविल्या आहेत, प्रत्येक क्रूसाची एक. पहिल्या वहींत सध्यां सहा नांवें आहेत, तींच त्या सहा बायकांचीं. तिसऱ्या क्रूसाच्या वहींत एकहि नांव नाहीं. बाजाराकडच्या इमारतींतल्या मंडळींनीं तिच्याकडे विशेष पाहावें. नांव, मजला आणि कोणत्या शनिवारीं सवड आहे एवढेंच लिहावयाचें आहे. चण्यांचें मात्र आधींच ठरलें आहे: कोपऱ्यावरच्या वाण्यानें पहिल्या वर्षीचे चारहि क्रूसांचे चणे आपल्याकडून देण्याचें कबूल केलें आहे, आणि भिजत किती घालावे तें त्याला एप्रिलच्या अखेरीस कळवावें असें त्यानें सांगितलें आहे.